अर्ध्या गल्लीचं आवतन

माझ्या मांडीवर कोणाचा तरी हात पडलेला होता. बाईचा हात, जड, गार, मनगटात चांदीचं कडं. तसंच कडं माझ्याकडे आहे, म्हणजे ही बाई आमच्याच भागातली असणार, एवढं माझ्या मनात आलं. मी तो हात उजव्या हातानं उचलला आणि बाजूला टाकला. तो घसरून पुन्हा माझ्याच मांडीवर आला. मग मी चिडले.

"ओ बाई, हात उचला न आपला. मी काय उशी आहे काय तुमची?"

एसटीतले लोक वळून पाहायला लागले. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन पुढे उभा होता. तो म्हणाला, "आजी, कोणाले बोलून राहिल्या? तुमच्या त्या अंगाले तर खिडकी आहे. तथी (तिथे) कोणीच नाई."

माझी धाकटी जाऊ कमल माझ्या उजवीकडे बसली होती. तिनं वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, तो तुमचाच हात आहे."

"माहा हात हा आहे." मी उजवा हात तिच्या नाकासमोर धरला.

"अन् दुसरा?"

"दुसरा असन कोठी तरी."

हे बोलताना मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. माणसाला दोन हात असतात हे मला माहीत होतं. माझा दुसरा कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि त्याची काळजीही वाटत नव्हती. आता लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा आला नाही.

हे मूर्तिजापूर सोडल्यावर झालं. निघाल्यापासूनचं सांगते.

आम्ही हिवरखेडच्या. घरची बागायत आहे, भाजी आणि फुलं. नातीचं लग्न ठरलं होतं. आमच्या घरात लग्नाची पहिली पत्रिका गुरुकुंज मोझरीला महाराजांच्या आश्रमात नेऊन ठेवतात. जाताना अकोल्याच्या आणि अमरावतीच्या सोयऱ्यांना पत्रिका द्यायच्या, मोझरी करायची, आणि परत आल्यावर गल्लीत आवतन (घरोघरी जाऊन तोंडानं दिलेलं आमंत्रण) द्यायचं. गल्लीत पत्रिका चालत नाही. घरातल्या सर्वांत मोठ्या बाईनं हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारोदार जायचं, उंबऱ्याला कुंकू लावायचं आणि "चुलीसकट या" (घरची चूल बंद ठेवून सगळे जेवायला या) म्हणायचं. एक दार सुटलं तर ते घर लग्नाला येत नाही, आणि पुढे मयतीलाही येत नाही. सासू गेल्यापासून हे काम माझं आहे. माझ्या हातून आजवर कोणाचं दार सुटलेलं नाही.

कमलचं दारही त्यात येतं. वाटणी झाली तेव्हा ती गल्लीच्या पलीकडच्या घरात गेली. आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. दिवसातून दहा वेळा ती माझ्या स्वयंपाकघरात असते, तरी तिला आवतन द्यावं लागतं. दिलं नाही तर गाव समजतं की या दोन घरांचं फाटलं.

माझे मालक गुडघे धरून घरी बसलेले, मुलाला मंडपवाल्यामागे फिरायचं होतं. म्हणून आम्ही दोघीच निघालो. सकाळच्या गाडीनं अकोटला आलो, तिथून अकोल्याला. हरभरा निघाला होता, गहू पिवळा पडत होता. अकोटपर्यंत सातपुडा डाव्या हाताला दिसत राहिला. तो मी पाहिला, हे मला पक्कं आठवतं. मधे मधे पळस पेटले होते.

अकोल्यात मुक्काम जुन्या शहरात, माझ्या मामेभावाकडे. मोर्णा ओलांडली की गल्ल्या अशा अरुंद होतात की समोरून हातगाडी आली तर आपण कोणाच्या तरी ओसरीवर चढायचं. मामेभाऊ हार विकतो. घरभर झेंडूचा वास, आणि जिन्यातसुद्धा ओल्या गोणपाटाखाली फुलं. वहिनीनं कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि मिरचीचा ठेचा केला. झोप चांगली लागली.

सकाळी डोकं जड होतं. त्याकडे मी लक्ष दिलं नाही. वेणी घातली, लुगडं नेसले, निघाले. दारात कमल म्हणाली, "बाई, एकच चप्पल घालून जाता काय?" मी खाली पाहिलं. पायात चप्पल होती. तिनं दुसरी आणून वाकून पायात सरकवली आणि माझे केसही एका बाजूनं सारखे केले. "अर्धीच विंचरली तुमी. लग्न नातीचं आहे, तुमचं नाई. घाई कायची?" ती हसली. मीही हसले.

त्या गल्लीत आमच्या भाऊबंदांची घरं आहेत. मी पत्रिका देत गेले. एका दारातल्या सुनेनं पत्रिका घेतली आणि म्हणाली, "आत्या, आता तर देल्ली होती. दोनदा जेवाले येऊ काय?" मला ते खरं वाटलं नाही. मागून कोणीतरी बाई म्हणत होती, "आमी काय मेलो काय? आमाले नाई पत्रिका?" आवाज उजवीकडून आला. उजवीकडे तर भिंत होती. मी भिंतीकडे पाहून म्हटलं, "देते न, कोण आहे?" पुढे काय झालं ते कमलनं निभावलं. तिनं माझ्या हातातून पत्रिका घेतल्या आणि गल्लीच्या दुसऱ्या अंगानं वाटत गेली. मला वाटलं, हिला मान पाहिजे आता. ती माझ्या मागून काय करत होती ते मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं.

मग अमरावतीची गाडी, आणि तो हात.

हाताचं झाल्यावर कमलनं माझं तोंड आपल्याकडे वळवून पाहिलं. ओठ एका बाजूनं खाली आला होता, असं ती नंतर म्हणाली. मागच्या सीटवर टोपीवाला एक पाटील माणूस होता. त्यानं बघताक्षणी सांगितलं, "वारं गेलं (लकवा मारला) अंगावरून. बाई, इथंच उतरा अन् मूर्तिजापूरले वापस चाला. माह्या पाहण्यातला माणूस आहे. कबुतराचं रक्त चोळते. आमच्या काक्याले चालता केला त्यानं."

"सुई घ्या लागत नाई काय?" दुसऱ्या एका बाईनं विचारलं.

"सुईनं नस आखडते. वाऱ्याले सुई चालत नाई."

मला दोन्हीही नको होतं. मी म्हटलं, "मले काही झालं नाई. मोझरीले जाऊ. येताना पाहू तुमचं कबुतर." टोपीवाला कमलला म्हणाला, "पाहा, मोठ्या बाई तयार आहेत. येताना उशीर होईन, आताच चाला."

आता हे समजून घ्या की कमल माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोललेली नाही. आमच्याकडे धाकटीनं थोरलीचा शब्द खाली टाकायचा नसतो, आणि तिनं कधी टाकला नव्हता. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ती निमूटपणे खाते. ती उभी राहिली. बस हलत होती, तिनं दांडा धरला.

"चूप बसा बाई," ती मला म्हणाली. मग टोपीवाल्याला, "तुमीबी चूप बसा." मग सरळ ड्रायव्हरपाशी गेली. "गाडी कोठी थांबवू नोका. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात घ्या."

ड्रायव्हर म्हणाला, "ते मार्गावर नाई, बाई. मले ष्टॅण्डवर न्या लागते."

"मंग मार्ग बदला. म्हातारी मेली तर ष्टॅण्डवर नेऊन काय कराल तिचं?"

मागून एक जण कुरकुरला, त्याची कोर्टात तारीख होती. कंडक्टरनं त्याला सांगितलं, "तुमची तारीख पुढची भेटते. या आजीले नाई भेटत." आणि गाडी कुठेही न थांबता गेली. बडनेऱ्याला उतरणारे बिचारे आमच्यासोबत दवाखान्यापर्यंत आले.

मी सगळा वेळ म्हणत होते की मला काही झालेलं नाही, ही कमल वेडी झाली आहे. मला उचलून खुर्चीत ठेवताना मी त्या वॉर्डबॉयला शिव्या दिल्या. मोठ्या गोल मशीनमध्ये घातलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. डॉक्टरीण तरुण होती, यवतमाळकडची. तिनं कमलला विचारलं, "कधीपासून असं आहे?" कमलनं चपलेपासून सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "सकाळीच आणायला पाहिजे होतं. पण आणखी उशीर झाला असता तर यांना घरी नेण्याची वेळ आली नसती."

डोक्यात उजवीकडे रक्ताची गाठ अडकली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाचं ताट आलं. पोळी आणि भात, दुसरं काही नाही. मी सिस्टरला म्हटलं, "कोरडं कोरडं कसं खावं माणसानं? वरण देत नाई काय तुमी?" तिनं ताट धरून अर्धं फिरवलं. वरणाची वाटी आली. फ्लॉवरची भाजी आली. लोणच्याची फोड आली.

मी ताटाकडे पाहत राहिले.

"कोठून आणलं?"

"अथीच होतं, आजी."

मला वाटलं, ही चेष्टा करते. मी तिला पुन्हा फिरवायला लावलं. वरण गेलं. जाताना मी त्याला पाहिलं आणि तरीही ते गेलं. ताट पूर्ण गोल होतं, त्याला कुठे भोक नव्हतं, कडा तुटलेली नव्हती. मी तिला तिसऱ्यांदा फिरवायला लावलं, मग तिला दुसरं काम होतं. दात पडला तर जिभेला खड्डा लागतो. मला खड्डाच लागत नव्हता. मी जेवले नाही त्या दिवशी.

दुपारी कमल म्हणाली, "बाई, बसून तरी काय करता? आवतनाचं पक्कं करून घेऊ. पारापासून सांगा, कोणाकोणाचं द्यायचं."

माझा मुलगा त्याच सकाळी येऊन गेला होता. त्यानं सरळ सांगितलं होतं, "माय, अवंदा (यंदा) आवतन काकू देईन. तुले घरं सापडायची नाईत." मी त्याला म्हटलं होतं, डोळे मिटून सांगेन मी गल्ली. ज्या घरात मोठी बाई जिवंत असून धाकटी आवतन देते, त्या घरातली मोठी बाई कोपऱ्यात गेली असं गाव धरतं. मला कोपऱ्यात जायचं नव्हतं. कमलला हे माहीत होतं, म्हणूनच ती विचारत होती.

मी डोळे मिटले. आमची गल्ली पारापासून सुरू होते आणि विहिरीपाशी संपते. ती मला पूर्ण दिसत होती, उन्हासकट, कुत्र्यांसकट. मी पारापाशी उभी राहिले आणि चालत निघाले.

"लोहार. गिरणीवाले. शाळेचे गुरुजी. मंग आपलं घर. मंग ते नवीन घर बांधलं ते. मंग विहीर. झालं."

"झालं?"

"झालं न."

"सगळे झाले, बाई?"

"सगळे."

ती "बरं" म्हणाली. स्टुल सरकल्याचा आवाज आला, आणि ती माझ्यासमोरून गेली.

माझ्या उजवीकडच्या खाटेवर दर्यापूरची एक बाई होती, कंबर मोडलेली. बऱ्याच वेळानं मी तिला म्हटलं, "आमची जाऊ गेली वाटते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पलीकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून (का) जाईन त्या?"

"मले काय माहीत? तिले काही लागलं की ती बोलत नाई. भांडे जोरानं ठेवते. अथी भांडे नाईत, म्हणून गेली असन." दर्यापूरवाली हसली नाही. मी पुढे बोलत राहिले, मला कोणाशी तरी बोलायचं होतं. "पण एक सांगते. काल बसमधे मी तिच्या जागी असती, तर मी तिले घेऊन त्या कबुतरवाल्याकडे गेली असती. चार लोक म्हणतात म्हणून गेली असती. ती मले चूप बस म्हणे. माह्या घरात मले आजवर कोणी चूप बस म्हटलं नाई. त्याच्यानं मी वाचली. आता ती रुसून गावाले गेली तर लग्न कोण उभं करन? माह्यानं तर ताट उचलत नाई."

"मंग माह्या घराचं आवतन काहून सोडलं?"

आवाज दर्यापूरवालीकडून आला. मी तिला म्हटलं, "तुमच्या घराचं? तुमी कोण आमच्या? कालची ओळख आपली."

दर्यापूरवालीचा चेहरा पांढरा पडला. तिनं तोंड उघडलं नव्हतं, हे मी पाहत होते. आणि आवाज पुन्हा तिच्याकडूनच आला.

"बाई, मी कमल आहे. मी तुमच्या जोळच (जवळच) बसली आहे. दुपारपासून अथीच आहे."

मी दर्यापूरवालीकडे पाहिलं, तिच्या पलीकडच्या खाटेकडे, दाराकडे. कमल कुठेच नव्हती. "कोठी आहे तू? पुढं ये न."

"इकडं पाहा."

"पाहूनच राहिली मी."

मग माझ्या हनुवटीला कोणीतरी धरलं आणि माझं डोकं वळवलं. आधी दुसरी एक खिडकी आली, जी त्या खोलीत आहे हे मला माहीत नव्हतं. मग पाण्याचा माठ. मग कमल, एवढ्या जवळ की तिच्या पापण्या मोजता आल्या असत्या. ती रडलेली होती. इतका वेळ ती माझ्या खाटेला गुडघे टेकवून बसली होती आणि मी ती गेली म्हणून लोकांना सांगत होते.

कमलनं मला नंतर सांगितलं की दुपारी तिला वाटलं, मी मुद्दाम केलं. बसमध्ये ती मला सगळ्यांसमोर चूप बस म्हणाली, त्याचं मी उट्टं काढलं. थोरलीचा शब्द तोडला म्हणून थोरलीनं दार तोडलं. आमच्याकडे असं होतं. माझ्या गावातल्या कोणत्याही बाईला हेच वाटलं असतं.

संध्याकाळी डॉक्टरीण फेरीवर आली तेव्हा कमलनं तिला हे सगळं सांगितलं, गल्लीसकट. डॉक्टरीण खाटेवरच बसली. म्हणाली, "आजी, आता उलटं चाला. विहिरीपाशी उभ्या राहा, पाराकडे तोंड करा आणि निघा."

मी डोळे मिटले. विहिरीपाशी उभी राहिले. निघाले.

"ट्रॅक्टरवाले. कमल. अंगणवाडीच्या बाई. शिवणवाली. पार."

कमलनं माझा खांदा घट्ट धरला. दुपारी यातलं एकही नाव मी घेतलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, "आणि आजी, तुमचं स्वतःचं घर?"

मी पुन्हा विहिरीपासून निघाले. ट्रॅक्टरवाले, कमल, अंगणवाडी, शिवणवाली, पार. गल्ली पूर्ण होती. उन्हासकट, कुत्र्यांसकट. त्यात माझं घर नव्हतं. पडलेलं नव्हतं, अंधारातही नव्हतं, त्याची जागाच नव्हती. ज्या उंबऱ्यावर माप ओलांडून मी आले, जिथे माझी बाळंतपणं झाली, जिथून सासूला उचललं, त्या दारावरून मी चालत गेले आणि मला काही कमी आहे असं वाटलं नाही.

मी डोळे उघडले तेव्हा माझे दात वाजत होते. दर्यापूरवालीनं आपली चादर पाठवली.

डॉक्टरीण म्हणाली, "डोळे चांगले आहेत तुमचे. डोक्याचा जो भाग दुखावला, तो डाव्या बाजूची दखल ठेवत होता. समोर आहे त्याची, आणि आठवतं त्याचीसुद्धा." मी विचारलं, परत येईल का. ती म्हणाली, काहींचं येतं, काहींचं पूर्ण येत नाही. तिनं खोटं सांगितलं नाही, हे मला आवडलं.

पुढे रोज व्यायाम. मान डावीकडे वळवायची, कमल दिसेपर्यंत वळवायची. कमल तिकडेच बसायची आणि म्हणायची, "अजून. अजून. हं, आता आली मी." पाय सुधारला. हाताची बोटं हलायला लागली. हात माझा आहे हे मी मानलं. वाटायला जरा उशीर लागला.

सुट्टी झाली तेव्हा मुलगा गाडी करून आला, गावाला न्यायला. मी म्हटलं, मोझरी राहिली. तो म्हणाला, पत्रिका मी ठेवून येतो. मी म्हटलं, तू कोण ठेवणारा. कमल आधीच गाडीत बसली होती, माझ्या डाव्या बाजूला.

अमरावतीत गिला वडा (भिजवलेला उडदाचा वडा, वरून दही आणि चिंचेचं पाणी) खाल्ला. मुलगा नको म्हणत होता. अर्धा पदरावर सांडला. डाव्या गालाला दही लागलेलं मला कळलं नाही, ते कमलनं पुसलं. पुढे नागपूरचा मोठा रस्ता लागतो. जाताना मी एक ढाबा पाहिला, विटांची भट्टी पाहिली, कापूस निघून गेलेली काळी वावरं (शेतं) पाहिली. संत्र्याच्या बागा कुठे आहेत म्हणून विचारलं. कमल म्हणाली, "ह्या काय. मान फिरवा." फिरवली. हिरव्यागार बागा रस्त्याला लागून उभ्या होत्या. मान सरळ केली, गेल्या.

आश्रमात त्या दिवशी गर्दी नव्हती. चपला काढल्या, आत शिरताना मी खांबावर आदळले. तिथला सेवक धावत आला. "माय, खांब आहे तिकडं."

"आता आहे," मी म्हटलं.

पत्रिका ठेवली. डाव्या हातानं ठेवली, उजव्यानं डाव्याला धरून. प्रार्थनेची वेळ होती, लोक शांत बसले होते, आम्हीही बसलो. तिथे डोळे मिटून बसलं की बरं वाटतं असं सगळे सांगतात. मला वाटलं नाही. मी डोळे मिटले की ती गल्ली यायची. माझ्या बाजूला बसलेली बाई नंतर म्हणाली, "डोये मिटले की कसं सगळं एक होऊन जाते, नाई?" मी एक आहे, सबंध आहे, असं मला त्या बसमध्येही वाटत होतं, त्या ताटासमोरही वाटत होतं, आणि स्वतःचं घर ओलांडून गेले तेव्हाही वाटत होतं. अर्धी असताना मला कधी अर्धी वाटलं नाही. तेव्हा सबंध वाटण्यावर माझा भरवसा राहिलेला नाही. दुसऱ्यांनाही जे वाटतं ते खरं असेलच असं मी आता धरत नाही. कमलला विचारून खात्री करते.

परतीला तोच रस्ता होता आणि दुसरा मुलूख लागला. पेट्रोलपंप, एक मोठी शाळा, पाण्याची टाकी, मेंढ्यांचा कळप, यातलं काहीच जाताना नव्हतं. संत्र्याच्या बागा आता माझ्या बाजूला होत्या. मुलाला म्हटलं, "आपण दुसऱ्या रस्त्यानं आलो काय?" तो म्हणाला, "नाई माय, एकच रस्ता आहे." मग तो गाडी चालवणाऱ्याशी बोलायला लागला. बागा संपेपर्यंत मी पाहत राहिले.

लग्नाआधी आवतनाचा दिवस आला. मुलानं पुन्हा काकूचं नाव काढलं. कमल म्हणाली, "काकूले जमत नाई. मी ताट धरीन." आणि तिनं तोड काढली. पारापासून विहिरीपर्यंत जायचं, उजव्या अंगाची दारं घ्यायची. विहिरीपाशी वळायचं आणि परत पारापर्यंत यायचं, पुन्हा उजव्याच अंगाची. गावात असं कोणी आवतन देत नाही, सगळ्या इकडून तिकडे दारं ओलांडत जातात. काही बाया ओसरीवर येऊन पाहत होत्या.

लोहार, गिरणीवाले, गुरुजी. माझं घरही घेतलं, कमल म्हणाली, घ्याच. मालक ओसरीवर बसले होते, त्यांच्या समोर मी माझ्याच उंबऱ्याला कुंकू लावलं. मग नवीन घर. मग विहीर, आणि वळलो. ट्रॅक्टरवाले झाले. पुढच्या दारापाशी कमलनं ताट खाली ठेवलं, आत गेली, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. मी वाकले. कुंकू लावायला वेळ लागला.

"चुलीसकट या," मी म्हटलं.

"येतो न, बाई," ती म्हणाली आणि ताट उचललं.

शेवटचं दार शिवणवालीचं. तिनं मशीन थांबवलं, पाणी दिलं आणि कमलकडे पाहून म्हणाली, "बरं आहे न आता, कमलकाकू? लय वाळल्या तुमी. आमी तं ऐकलं, तुमच्यावरून वारं गेलं अन् मोठ्या बाईनं तुमाले दवाखान्यात नेलं."



"उलटं ऐकलं," मी म्हटलं. "वारं माह्यावरून गेलं. हिनं नेलं. मी वाचली."